ट्रॅक्टर मागवून घ्यावा की उभा असलेला उचलावा?

मृगाचा पहिला पाऊस पडला की नांदेड व लातूर जिल्ह्यांतील ट्रॅक्टर-विक्रेत्यांच्या दारी वर्दळ सुरू होते. वर्षभर घरात ज्या गोष्टीचा नुसता विचार चालला होता, तिचा निकाल एका दुपारी लावला जातो. आवारात तीन-चार ट्रॅक्टर उभे असतात. विक्रेता म्हणतो, “मामा, आज न्या, उद्या हा राहील याची खात्री नाही. तुम्हांला हवा तसा मागवायचा तर महिना लागेल.” पाऊस डोक्यावर असतो, शेजाऱ्याची पेरणी सुरू झालेली असते. कागदांवर सह्या होतात, यंत्रास हार घातला जातो, आणि पुढे कित्येक वर्षे ज्याचे हप्ते फेडावयाचे ते यंत्र वाजतगाजत घरी येते.

एका बैलजोडीसाठी तीन बाजार हिंडणारा आमचा शेतकरी कित्येक लाखांचे यंत्र तासाभरात विकत घेतो, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. उभा असलेला ट्रॅक्टर घेऊच नये, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. परंतु आपल्या कामास कोणता ट्रॅक्टर हवा हे आधी ठरवावे, हंगामाच्या पुष्कळ आधी त्याची मागणी लेखी नोंदवावी, आणि उभा असलेला घ्यावयाचाच झाला तर तो बाजारातल्या बैलाप्रमाणे पारखून, त्याच्या वयाप्रमाणे किंमत पाडून घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बैलाचे दात आणि यंत्राची तारीख

आपल्या या दोन जिल्ह्यांस जनावरे पारखण्याची विद्या कोणी शिकवावयास नको. कंधारची लाल कंधारी आणि देवणीची देवणी या दोन नामांकित जाती येथल्याच. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत किंवा उदगीर तालुक्यातील हाळी-हंडरगुळीच्या बाजारात शेतकरी बैल घेतो, तेव्हा तो प्रथम जबडा उघडून दात पाहतो. जनावर दोन दाती आहे, चार दाती आहे की जुळलेले आहे, यावर किंमत ठरते. मग खूर पाहतो, खांदा पाहतो, चालवून पाहतो, शक्य तर गाडीला जुंपून पाहतो. विकणाऱ्याच्या शब्दावर तो विसंबत नाही.

ट्रॅक्टरलाही दात असतात. ते कोठे पहावयाचे हे मात्र पुष्कळांस ठाऊक नसते. यंत्रावरील पट्टीवर चासिस क्रमांक व इंजिन क्रमांक असतो, आणि ते यंत्र कोणत्या महिन्यात व वर्षात तयार झाले याची नोंद विक्री-प्रमाणपत्रात, म्हणजे नमुना २१ मध्ये, करावी लागते. हीच नोंद पुढे परिवहन कार्यालयाच्या नोंदणी-पुस्तकात उतरते. पाच-सात वर्षांनी ट्रॅक्टर विकावयास काढला की गिऱ्हाईक पुस्तक उघडून आधी निर्मितीचे साल पाहते. आपण तो जूनमध्ये घेतला की ऑक्टोबरमध्ये, याच्याशी त्यास कर्तव्य नसते. तेव्हा मागील वर्षाच्या नोव्हेंबरात तयार झालेला ट्रॅक्टर यंदाच्या जूनमध्ये पूर्ण किमतीस घेणारा मनुष्य, बाजाराच्या दृष्टीने, एक वर्ष जुने यंत्र नव्याच्या भावात घेतो.

टायरांचेही वय असते. बहुतेक टायरांच्या बाजूवर आठवडा व वर्ष दर्शविणारे चार अंक उमटविलेले असतात. २३२५ असे असेल तर तो २०२५ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला असे समजावे. आमच्याकडील उन्हाळ्यात महिनोन्महिने उघड्या आवारात उभ्या राहिलेल्या यंत्राच्या रबरास बारीक चिरा पडतात. बॅटरी वेळोवेळी भारित न केल्यास तिची शक्ती कायमची कमी होते. डिझेलच्या टाकीत ओल धरते. तासांचे मीटर पाहिल्यास तो ट्रॅक्टर गावोगाव प्रात्यक्षिकांसाठी फिरविला गेला आहे काय, याचाही अंदाज येतो. यांपैकी कोणताही दोष प्राणघातक नाही. पण प्रत्येकाची किंमत आहे, आणि ती घेणाऱ्याने का सोसावी?

रांगेचे दिवस गेले, रांगेतली वृत्ती राहिली

मिळेल ते उचलण्याची ही सवय कोठून आली, हे पाहण्यासारखे आहे. १९६१-६२ साली साऱ्या देशात मिळून ८८० ट्रॅक्टर तयार झाले. बाकीचे परदेशांतून येत, आणि घेणाऱ्यास पैसे भरून, नाव नोंदवून वाट पहावी लागे. त्या काळी दारात आलेला ट्रॅक्टर नाकारणे म्हणजे पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहणे होय. आज ती स्थिती नाही. देशात दरवर्षी आठ लाखांहून अधिक ट्रॅक्टर विकले जातात. नांदेडात व लातुरात बहुतेक प्रमुख कारखान्यांचे विक्रेते आहेत आणि तेही एकमेकांशी स्पर्धा करीत असतात. विक्रेत्याने आवारात उभा केलेला माल बहुधा कर्जाऊ भांडवलावर उभा असतो. तो जितका अधिक दिवस उभा राहील तितके त्याचे व्याज चढते. म्हणजे घाई वास्तविक विक्रेत्यास असते, आणि ती तो आपल्या गळ्यात घालतो.

एक हकिगत

काही वर्षांपूर्वीची कंधार तालुक्यातील एका गृहस्थांची गोष्ट आम्हांस जवळून ठाऊक आहे. चौदा एकर भारी काळी जमीन, सोयाबीन, तूर आणि थोडा ऊस. रोटाव्हेटर चालवावयाचा, मळणीयंत्र चालवावयाचे आणि मोकळ्या दिवसांत भाड्याने मळणी करून हप्त्यास हातभार लावावयाचा, असा त्यांचा बेत होता. बेत उत्तम होता. पण खरेदी झाली ती पाऊस पडल्यावर, एका दुपारी.

आवारात उभा असलेला ट्रॅक्टर अश्वशक्तीने पुरेसा होता. परंतु त्यास एकेरी क्लच होता. एकेरी क्लच दाबला की चाकांबरोबर मागील फिरता दांडा, म्हणजे पी. टी. ओ., हाही थांबतो. दुहेरी क्लचच्या यंत्रात चाके थांबवूनही दांडा फिरता ठेवता येतो, आणि रोटाव्हेटर व मळणी यांच्या कामात याचे महत्त्व फार. मागील टायर हव्या त्या मापापेक्षा अरुंद होते. वापसा नीट न आलेल्या काळ्या रानात ते रुतत. दोन हजारांची सूट आणि एक छत्री मिळाली, एवढ्यावर समाधान झाले. नोंदणी-पुस्तक हाती आले तेव्हा निर्मितीचा महिना आदल्या वर्षाचा निघाला. तक्रार करावी, तर विक्री-प्रमाणपत्रावर तीच तारीख होती आणि खाली त्यांची सही होती.

पुढे टायर बदलावे लागले. भाड्याच्या मळणीचे काम दुसऱ्याच्या ट्रॅक्टरकडे गेले. ज्या उत्पन्नावर हप्ते फेडावयाचे, तेच उत्पन्न यंत्राच्या निवडीमुळे आले नाही. एका वर्षी पीक बुडाले, हप्ता थकला, आणि जमिनीवर बँकेचा बोजा तसाच राहिला. ट्रॅक्टर वाईट नव्हता. तो त्यांच्या कामाचा नव्हता. हाच ट्रॅक्टर केवळ ओढकामासाठी घेणाऱ्या दुसऱ्या कोणास उत्तम ठरला असता.

पेरणीच्या भीतीचा हिशेब

“महिनाभर थांबलो तर पेरणी चुकेल,” हा युक्तिवाद सर्वांत प्रबळ असतो, म्हणून त्याचा आकड्यांत विचार करू. समजा, एखाद्याची वीस एकर जमीन आहे. भाड्याच्या ट्रॅक्टरने रान तयार करण्यास एकरी दीड हजार रुपये पडतात, आणि स्वतःच्या ट्रॅक्टरने तेच काम करण्यास इंधन धरून पाचशे पडतात. (आपापल्या गावचे दर यात घालून हिशेब करावा.) एक हंगाम भाड्याने काम करून घेतल्यास अधिक खर्च होतो तो एकरी एक हजार, म्हणजे एकंदर वीस हजार रुपये.

म्हणजे निवड ‘आज हाच ट्रॅक्टर, नाही तर पेरणी बुडाली’ अशी नाही. ती ‘आज हाच ट्रॅक्टर, की वीस हजार रुपये एकवार सोसून वर्षानुवर्षे उपयोगी पडेल असा ट्रॅक्टर’ अशी आहे. कृषि-अभियांत्रिकीच्या हिशेबात ट्रॅक्टरचे आयुष्य साधारणतः दहा वर्षे किंवा १०,००० तास धरतात. दहा वर्षांच्या सोबत्यासाठी एका महिन्याची वाट पाहणे फार नव्हे. गावात भाड्याचे ट्रॅक्टरच मिळत नसतील, किंवा हंगामात त्यांचा पाळीचा नंबर पंधरा दिवसांनी लागत असेल, तर हिशेब बदलतो, हे मान्य केले पाहिजे. कारण मृगाचा वापसा कोणासाठी थांबत नाही. परंतु त्यावरही खरा उपाय जूनमध्ये घाई करणे हा नसून फेब्रुवारीत विचार करणे हा आहे. तूर-हरभऱ्याचे पैसे हाती येतात, रान मोकळे असते, विक्रेत्याकडे गर्दी नसते आणि आर्थिक वर्षअखेरीस विक्रीचे आकडे गाठण्याची त्यास निकड असते. त्या वेळी नोंदविलेला ट्रॅक्टर पाडव्यास किंवा अक्षय्य तृतीयेस घरी येतो.

मागणी नोंदविण्यातील धोके

मागणी नोंदवून घेण्याचा मार्ग निर्धोक आहे असेही कोणी समजू नये. विसार दिला, आणि दिलेली तारीख टळत गेली. मागविला एक प्रकार, आला दुसरा. मध्यंतरी कारखान्याने किंमत वाढविली आणि वाढीव रक्कम मागितली, अशा तक्रारी कानावर येतात. यांचे मूळ बहुधा एकच असते : सारा व्यवहार तोंडी झालेला असतो. म्हणून मागणीपत्र लेखी असावे आणि त्यात पुढील गोष्टी स्पष्ट असाव्यात.

१. ट्रॅक्टरचे नाव, प्रकार व अश्वशक्ती. क्लच एकेरी की दुहेरी. ब्रेक, सुकाणू व उचल-यंत्रणा कोणत्या प्रकारची.
२. पुढील व मागील टायरांचे माप.
३. विमा, नोंदणी व सोबतचे साहित्य धरून हाती पडेपर्यंतची एकूण किंमत. आणि मध्यंतरी किंमत वा कर बदलल्यास तो कोणी सोसावयाचा.
४. निर्मितीचा महिना अमुक तारखेच्या अलीकडचा असेल, ही अट.
५. ताबा देण्याची तारीख, आणि ती टळल्यास विसार परत मिळण्याची मुदत.

कराच्या बाबतीत अलीकडचे एक उदाहरण बोधप्रद आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. करापूर्वी पाच लाख रुपये किमतीच्या यंत्रावर आधी साठ हजार रुपये कर पडत होता, तो पंचवीस हजारांवर आला. म्हणजे पस्तीस हजारांची बचत झाली. त्याआधी मागणी नोंदवून ज्यांचे यंत्र व बिल त्या तारखेनंतर आले, त्यांस नवा दर लागू झाला. काही दिवस आधी आवारातला ट्रॅक्टर उचलून ज्यांनी बिल केले, त्यांस जुना. उद्या कर किंवा किंमत वाढली तर हेच चित्र उलटे दिसेल. म्हणून तिसऱ्या क्रमांकाची अट सर्वांत महत्त्वाची समजावी.

याच उदाहरणाची दुसरी बाजूही विसरता कामा नये. त्याच वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरच्या अतिवृष्टीने मराठवाड्यात उभे पीक पाण्याखाली गेले. ज्याच्या घरी सोयाबीन आलेच नाही, त्यास पस्तीस हजारांनी स्वस्त झालेला ट्रॅक्टरही महागच होता. कर्ज काढावे ते एका चांगल्या वर्षाच्या आशेवर नव्हे, तर एखादे वाईट वर्ष सोसून हप्ता देता येईल अशा बेताने. अल्पभूधारकाने तर ट्रॅक्टर घ्यावा काय, हाच प्रश्न आधी विचारावा. दोन-चार भावकीतल्या घरांनी किंवा गटाने मिळून घेतलेला एक ट्रॅक्टर पुरेसे तास चालतो. एकट्याच्या चार एकरांवर तो बहुतेक दिवस झाडाखाली उभा राहतो.

उभा असलेला ट्रॅक्टर केव्हा घ्यावा?

उभ्या ट्रॅक्टरचेही गुण आहेत. तो डोळ्यांनी पाहता येतो, चालवून पाहता येतो, आणि तो ठरल्या किमतीस त्याच आठवड्यात मिळतो. जुने यंत्र ऐन हंगामात कायमचे बंद पडले, तर वाट पाहणे शहाणपणाचे नसते. अशा वेळी तीन कसोट्या लावाव्यात. पहिली, तो आपल्या कामाच्या यादीशी जुळतो काय? दुसरी, त्याची निर्मिती अलीकडच्या काही महिन्यांतील आहे काय? तिसरी, वय अधिक असेल तर किंमत त्या मानाने कमी झाली आहे काय? पहिल्या कसोटीस न उतरणारा ट्रॅक्टर कितीही सूट मिळाली तरी घेऊ नये. दुसरीस न उतरणारा घ्यावयास हरकत नाही. मात्र तिसरीत भरपाई झाली पाहिजे.

छत्री, हूक, बंपर असल्या वस्तूंवर समाधान मानू नये. सूट पैशांत मागावी आणि ती बिलावर दिसावी. ताबा घेण्यापूर्वी बॅटरी, टायर, तेल व सर्व गळत्या यांची तपासणी आपल्यासमोर करवून घ्यावी. हमीची मुदत ताबा घेतल्याच्या दिवसापासून चालू होते, असे लेखी घ्यावे. नवे प्रदूषणविषयक नियम लागू होण्याच्या सुमारास जुन्या प्रकारचा माल मोठ्या सुटीने विकावयास निघतो, हेही ध्यानात ठेवावे. ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांस असे नवे नियम १ जानेवारी २०२३ पासून लागू झाले. अशा वेळी स्वस्ताईच्या मोहात पडण्यापूर्वी त्या यंत्राची नोंदणी मुदतीत होईल काय, हे परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे.

अनुदान आणि ‘बिल मागाहून’

कृषि यांत्रिकीकरणाच्या योजनांतून अनुदान घेऊ इच्छिणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. पूर्वसंमतीपत्र हाती पडण्यापूर्वी खरेदी केलेले यंत्र अनुदानास पात्र होत नाही. शिवाय घ्यावयाचे यंत्र मान्यताप्राप्त संस्थेत तपासलेले असावे लागते. मध्यप्रदेशातील बुदनी येथील केंद्र सरकारची संस्था ही अशांपैकी जुनी व प्रसिद्ध. तिच्या तपासणी-अहवालात फिरत्या दांड्यावर प्रत्यक्ष मिळणारी शक्ती, इंधनाचा खर्च व उचलण्याची क्षमता दिलेली असते. जाहिरातीपेक्षा हा अहवाल मागून वाचावा.

संमती येण्यास वेळ लागला की काही ठिकाणी सल्ला मिळतो, “ट्रॅक्टर आज न्या, बिल मागाहून करू.” हा सल्ला सपशेल नाकारावा. तात्पुरती किंवा कायम नोंदणी झाल्याखेरीज विक्रेत्याने वाहनाचा ताबा देऊच नये, असा मोटार वाहन नियम आहे. नोंदणी नाही, विमा नाही, अशा ट्रॅक्टरने रस्त्यावर कोणाचा जीव गेला, तर लाखाच्या अनुदानासाठी घरदार विकण्याची पाळी येईल. आणि मोका तपासणीच्या वेळी घोळ उघड झाला, तर अनुदानही जाईल ते निराळेच.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस

गावात काम करणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांस एक विनंती आहे. कोणत्या कारखान्याचा ट्रॅक्टर घ्यावा, हे सांगण्याचे काम आपले नव्हे, आणि ते करूही नये. परंतु खरेदीपूर्वी शेतकऱ्याजवळ अर्धा तास बसून त्याच्या कामाची यादी करणे हे निश्चित आपले काम आहे. जमीन किती व कशी. कोणती अवजारे चालवावयाची. रुंद सरी-वरंब्यावर पेरणी करावयाची काय. ओळींतून चालविण्यासाठी चाकांतील अंतर बदलावे लागेल काय. वर्षाकाठी किती तास काम मिळेल. वाईट वर्षी हप्ता कोठून येईल : एवढे प्रश्न एका कागदावर लिहून त्यांची उत्तरे त्याच्याच हातून लिहवून घ्यावीत. तो कागद खिशात ठेवून शेतकरी विक्रेत्याकडे गेला, तर “उद्या राहील याची खात्री नाही” या वाक्याचा जोर पुष्कळ कमी होईल. फसवणूक झालीच, तर नांदेड व लातूर या दोन्ही ठिकाणी जिल्हा ग्राहक आयोग आहेत, हे त्यास सांगावे. पण तेथेही विचारला जाईल तो कागदच.

शेतकरी बांधवांनो, बाजारात बैल नापसंत पडला तर आपण कासरा सोडून देतो आणि पुढच्या बाजारी येतो. त्यात आपणांस कमीपणा वाटत नाही. ट्रॅक्टरच्या बाबतीतही तेवढेच स्वातंत्र्य आपणांस आहे. ते वापरावे. यंदाचा हंगाम आटोपताच कामाची यादी करावी, माघ-फाल्गुनात दोन-तीन विक्रेत्यांकडून लेखी भाव घ्यावेत, आणि पुढील मृगास आपल्या रानात आपण निवडलेला ट्रॅक्टर चालावा.